दोनशे चौदा सह्या आणि एक प्रवासी

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार. (डाव्याची सूज अजून उतरली नसेल तर त्याला जरा लांबूनच.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? सकाळची गोळी सकाळीच घेतेस ना, की जन्मभर वॉर्डात दुसऱ्यांना गोळ्या वाटल्यामुळे आता स्वतःची कुठे ठेवली ते आठवत नाही? काकांची नवी कवळी बसली का? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की ते ती फक्त फोटोपुरती लावतात आणि एरवी रुमालात बांधून खिशात ठेवतात. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की बसताना खिसा सांभाळा.

इकडे सगळे खुशाल आहेत. अशी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तसे सगळे खरोखरच खुशाल आहेत, फक्त मी नाही. मला ताप नाही, खोकला नाही, धक्का बसलाय. शुक्रवारी संध्याकाळी बसला, आज रविवार आहे, अजून उतरत नाही. काल दुकानात (चष्म्याच्याच, अजून तिथेच आहे) एका आजोबांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला बसवलं आणि ती सगळी मीच मोठ्याने वाचून दाखवली. अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत. आजोबा म्हणाले, "तुम्हाला छान दिसतंय हो, काळजीचं कारण नाही." मालकांनी मला अर्ध्या दिवसाची सुटी दिली. मी मागितली नव्हती.

तू मला पहिल्यापासून सांगत आलीस की काय झालं ते क्रमाने सांगावं, पेशंट काय म्हणतो ते नंतर. म्हणून क्रमाने सांगते.

आमची सतरा नंबरची बस तुला आठवत असेल. तू आली होतीस तेव्हा शेवटच्या तीन वळणांवर डोळे मिटून माझा दंड धरला होतास, त्याचे वळ मला चार दिवस होते. आमच्या वरच्या वस्तीपर्यंत येणारी ती एकच बस. खालच्या थांब्यांना दुसऱ्या बस आहेत, आम्हाला ही नाही तर पायऱ्या, तीनशे बारा. आईची हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतली पाळी साडेसहाला सुरू होते, ती पाच चाळीसच्या पहिल्या फेरीने जाते आणि दोनच्या फेरीने परत येते. सव्वीस वर्षं. तिचा गुडघा आता पायऱ्यांना तयार नाही, आणि लॉन्ड्रीच्या मुकादमबाईंनी तिला दोनदा ऐकवलंय की वेळेवर जमणार नसेल तर जवळ राहणारी बाई बघू. म्हणजे बस गेली की आईचं काम गेलं, इतकी सरळ गोष्ट आहे. ही सरळ गोष्ट मी पुढचे तीन आठवडे कशी विसरले, त्याचंच हे पत्र आहे.

तर महिन्याभरापूर्वी थांब्यावर नोटीस लागली. प्रवासी कमी असल्यामुळे मार्ग क्रमांक सतरा बंद करण्याचा विचार चालू आहे, अमुक सोमवार ते शनिवार वरच्या वस्तीतल्या प्रवाशांची मोजणी होईल, त्यावरून निर्णय घेतला जाईल. ती सगळ्यांना मीच वाचून दाखवली. वस्तीत छापलेलं काहीही आलं की ते माझ्याकडे येतं. पदवी मिळाल्यापासून तर औषधाच्या बाटलीतला कागद, कोर्टाचं समन्स, मिक्सरबरोबर आलेलं माहितीपत्रक, सगळं. (समाजशास्त्राच्या पदवीने मिक्सर दुरुस्त होत नाही, हे मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे गं, तू नुसती वाच, तेवढ्यानेही बरं वाटतं.")

त्याच दिवशी जिन्याखालच्या सायकली ठेवायच्या खोलीत सभा भरली आणि समिती निघाली. तिचं नाव 'मार्ग क्रमांक सतरा बंद करण्यास विरोध करणारी संयुक्त नागरिक समिती'. नाव लिहायला अध्यक्षांना दोन ओळी लागतात. अध्यक्ष म्हणजे आमच्या समोरचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना अध्यक्ष व्हायची इतकी सवय आहे की कारण नंतर सांगितलं तरी चालतं. चिटणीस मी. मावशी, तुला खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. कॉलेजात तीन वर्षं मी चळवळींवर टिपणं काढली होती, आणि इथे माझ्या डोळ्यांसमोर, सायकलींच्या मध्ये, एक चळवळ उभी राहत होती आणि तिला चिटणीस लागत होती.

मग कापडी फलक झाला. शिवणवाल्या मावशींनी (तळमजल्यावर ज्यांचं मशीन सदोदित चालू असतं त्या) आठ हात कापड जोडून दिलं आणि विचारलं, काय लिहायचं? तेव्हा सगळ्यांना एकदम सुचायला लागलं. धिक्कार असो. निषेध असो. चालणार नाही. सहन करणार नाही. परत घ्या. खाली करा. (हे शेवटचं कोणी सुचवलं आणि काय खाली करायचं ते अजून कळलेलं नाही, पण ते फार ठणठणीत वाटलं म्हणून राहिलं.) कापड भरलं. शिवणवाल्या मावशी चष्मा वर करून म्हणाल्या, "अगं, पण यात बस कुठे आहे?" अध्यक्ष म्हणाले, "ते सगळ्यांना माहीतच आहे." त्या फलकाखाली पहिल्या दिवशी एक गृहस्थ आमच्या शेजारी उभे राहून दीड तास घोषणा देऊन गेले. जाताना त्यांनी मला विचारलं, मग पाण्याची पाइपलाइन कधी बदलणार?

सह्या दोनशे चौदा जमल्या. त्यात अध्यक्षांच्या तीन आहेत, कारण त्यांना वाटलं प्रत्येक पानावर करायची असते.

इथपर्यंत ठीक होतं. यापुढचं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. तिसऱ्या सभेत सगळे म्हणायला लागले की नुसत्या सह्यांनी काय होतं, काहीतरी जहाल पाहिजे. आणि मी उठले. मी म्हणाले की जी बस ते आपल्याकडून हिसकावू पाहतात ती आपणच आधी नाकारली पाहिजे. एक आठवडा सतरा नंबरवर संपूर्ण बहिष्कार. कोणीही चढायचं नाही. टाळ्या पडल्या. कोणीतरी विचारलं, कुठला आठवडा? मी म्हणाले, मोजणीचा. कारण त्याच आठवड्यात त्यांचं आपल्याकडे लक्ष असणार, त्याच आठवड्यात त्यांना आपला राग दिसला पाहिजे.

मावशी, तू हे वाक्य पुन्हा वाचशील म्हणून थांबते.

वाचलंस? तुला जे आत्ता दिसलं ते त्या खोलीत एकोणीस पदाधिकाऱ्यांपैकी एकालाही दिसलं नाही. फक्त दादा (तो वेल्डिंगचं काम संपवून आला होता आणि खुर्चीचा निघालेला पाय बसवत होता) मान वर करून म्हणाला, "म्हणजे ते मोजायला येणार, आणि आपण मोजायला नसणार?" मी त्याला म्हणाले, "दादा, हे प्रतीकात्मक असतं." तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा खुर्चीकडे वळला. त्या 'बरं'ची मला आता इतकी लाज वाटते की दादा समोरून आला तर मी भिंतीकडे बघते. तो नववीत शाळा सोडून कामाला लागला म्हणून मी पंधरावीपर्यंत गेले, आणि पंधरावीपर्यंत जाऊन मी त्याला काय शिकवलं, तर प्रतीकात्मक.

बहिष्काराचा आठवडा सुरू झाला. आम्ही रोज सकाळी सातला थांब्यावर फलक घेऊन उभे राहायचो. (सातच्या आधी अध्यक्षांचं पोट साफ होत नाही. हे त्यांनीच सभेत सांगितलं आणि ते इतिवृत्तात घ्यावं लागलं.) बस यायची. ड्रायव्हरना सगळे भोंगाकाका म्हणतात, कारण ते प्रत्येक वळणावर असा हॉर्न देतात की समोरची गाडी तर थांबतेच, पण वस्तीतली कुत्रीही उभी राहतात. नियमाप्रमाणे ते बस थांबवायचे, दार उघडायचे, दोन मिनिटं थांबायचे. आम्ही चाळीस माणसं दारासमोर उभी, आत रिकाम्या बाकांची रांग, आणि आम्ही त्या बाकांकडे बघून घोषणा देतोय. तिसऱ्या दिवशी त्यांनी न राहवून विचारलं, "चढताय का?"

"नाही काका," मी म्हणाले, "आम्ही तुमच्यासाठीच लढतोय."

"मग चढा की."

"चढलो तर लढा मोडेल काका."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या डोक्यावर काहीतरी बसलंय आणि ते सांगावं की नाही असा त्यांना प्रश्न पडलाय. मग दार बंद केलं आणि पुढच्या वळणावर हॉर्न दिला, नेहमीपेक्षा लांब.

बस रिकामी असायची, असं मी म्हणाले, पण अगदी रिकामी नव्हती. मागच्या बाकावर एक बारीकसा माणूस बसलेला असायचा, मांडीवर पिशवी, हातात काहीतरी लहानसं. पहिल्या दिवशी तो दिसला आणि आमच्यात एकच संताप झाला. एवढा बहिष्कार पुकारलाय आणि हा खुशाल बसून चाललाय! आम्ही काचेवर थापा मारल्या. "शरम करा" म्हणालो. शिवणवाल्या मावशींनी त्याला एक असा शब्द वापरला जो मी आजवर त्यांच्या तोंडून फक्त बिघडलेल्या मशीनसाठी ऐकला होता. तो माणूस घाबरून खिडकीपासून सरकून बसला. सहाही दिवस आम्ही त्याची रोज नव्याने शोभा केली. तो कोण होता ते तू ओळखलंसच. तो मोजणीचा कारकून होता, आणि हातात बोटाने दाबायचं मोजणीयंत्र होतं. आमची बस राहणार की जाणार हे ज्या एका माणसाच्या बोटावर होतं, त्याला आम्ही सहा दिवस घाम फोडला, आणि दाबायला मात्र काही दिलं नाही.

चालून चालून वस्तीची दशा झाली ती वेगळीच. माझ्या दोन्ही टाचांना फोड. अध्यक्ष दुसऱ्याच दिवशी गॅसच्या टाक्यांच्या टेम्पोत टाक्यांना धरून खाली गेले आणि वाटेत टाक्या सोडून स्वतःच सुटले. (लागलं नाही, पण आता गॅसचा वास आला की दचकतात.) मिक्सरवाल्या काकूंनी तर आठवडाभर खाली न जाणंच पत्करलं आणि रोज संध्याकाळी मला सांगायच्या, "आज पण नाही गेले हं मी!" जणू मी त्यांना त्यासाठी गुण देणार होते. आणि मी देत होते, मावशी. माझ्या वहीत खरंच खूण करत होते.

गुरुवारच्या सभेत मी भाषण केलं. मी म्हणाले, माझ्या आईकडे बघा. तिचा गुडघा दुखतो, तरी बहिष्कार सुरू झाल्यापासून ती पहाटे घर सोडते आणि चालत कामाला जाते. टाळ्यांचा कडकडाट झाला. आई मागे सायकलींपाशी बसून दादाच्या शर्टाचं बटण लावत होती. तिने वर पाहिलं नाही. मला वाटलं, किती विनम्र बाई आहे.

आठवडा संपला. गेल्या गुरुवारी मी आणि अध्यक्ष सह्यांचा गठ्ठा घेऊन परिवहन कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकारी बाई शांत स्वभावाच्या होत्या. टेबलाच्या काचेखाली एका कुत्र्याचा फोटो होता आणि बोलताना त्या मधूनमधून त्याच्याकडे बघत होत्या, मला वाटतं धीर यावा म्हणून. त्यांनी सह्या चाळल्या. "दोनशे चौदा," त्या म्हणाल्या. "मग ही माणसं जातात कशाने?" अध्यक्ष म्हणाले, जात नाहीत, विरोध करतात. बाईंनी कुत्र्याकडे पाहिलं आणि मोजणीचं रजिस्टर उघडून आमच्यापुढे फिरवलं.

"हे बघा. आमच्याकडे दोन रकाने आहेत. चढले आणि उतरले. विरोध केला असा रकाना नाही."

शेऱ्याच्या जागी त्या बारीक कारकुनाने सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'थांब्यावर रोज मोठी गर्दी असते. परंतु बसमध्ये चढण्यास कोणी इच्छुक नाही. कारण समजले नाही.' मी ती ओळ तीनदा वाचली, आणि तीनही वेळा ती बरोबर होती.

पण अध्यक्षांचं बोट दुसरीकडेच होतं. रकान्यात शून्यं नव्हती. रोज सकाळी एक, रोज दुपारी एक. सहा दिवसांचे बारा. "हा कोण?" ते म्हणाले. "हा आपल्यातला कोण?" बाईंनी आम्हाला एक कागद दिला, त्यावर पुढची कार्यवाही होती. मी तो घडी करून पर्समध्ये टाकला. वाचला नाही. जी मुलगी सगळ्या वस्तीची औषधांच्या बाटल्यांतले कागद वाचते, तिने तो एक कागद वाचला नाही, कारण तिच्या डोक्यात आता बस नव्हतीच. फितूर होता.

शुक्रवारी संध्याकाळी सभा. खोली खचाखच, लोक सायकलींच्या कॅरिअरवर बसलेले. मी रजिस्टरातले आकडे वाचले आणि म्हणाले (मावशी, हे शब्दशः आहे, इतिवृत्तात माझ्याच अक्षरात आहे), "आपल्यापैकी एका व्यक्तीने स्वतःच्या सोयीसाठी आपल्या सगळ्यांच्या पाठीत सुरा खुपसला आहे. त्या व्यक्तीने उभं राहावं."

सायकलींपाशी आई उभी राहिली. सुई आधी कॉलरमध्ये टोचून ठेवली, मग उभी राहिली.

"मी होते," ती म्हणाली.

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही काय होता वहिनी?"

"बसमध्ये."

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, ते मला तोवर फक्त निबंधात लिहायला येत होतं. कोणाच्या तरी सायकलचं चाक गरगर फिरत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. अध्यक्ष म्हणाले, वहिनी, बहिष्कार तुमच्या मुलीने पुकारला होता! आई म्हणाली, "पुकारला तेव्हा ऐकलं की मी. पण साडेसहाला मशीन सुरू होतं, चादरी कोणासाठी थांबत नाहीत. बस आली, दार उघडलं, बसले. मला बस हवी आहे, भाऊजी. तुम्हाला सगळ्यांना काय नको आहे ते मी तीन आठवडे ऐकते आहे. काय हवंय ते काही कळलं नाही."

कोणीतरी मागून म्हणालं, पण तुम्ही तर चालत जात होता ना? आई माझ्याकडे वळली. "मी कधी म्हटलं? तूच म्हणालीस. टाळ्या पडत होत्या, मग मध्ये कशाला बोलायचं."

मी काहीतरी बोलले असेन, पण ते ततपप या प्रकारचं होतं, इतिवृत्तात घेण्याजोगं नव्हतं. पर्समधून रुमाल काढायला गेले तर तो कागद खाली पडला. दादाने उचलला, उघडला आणि त्याच्या सवयीने एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचला. त्यात लिहिलं होतं की मोजणीत एकही प्रवासी न आढळल्यास मार्ग तत्काळ बंद होतो. प्रवासी आढळल्यास, कितीही कमी असोत, आणखी एका आठवड्याची मोजणी करूनच निर्णय घेतला जातो. त्यानुसार सतरा नंबरची दुसरी आणि शेवटची मोजणी उद्याच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी सुरू होईल.

दादाने कागदाची घडी केली आणि म्हणाला, "म्हणजे आई बसली नसती तर आज बस नसती." एवढंच. त्याला तर मला काय काय सुनावता आलं असतं. शिवणवाल्या मावशींनी हळूच विचारलं, "म्हणजे आता चढायचं का?" आणि चाळीस माणसं माझ्याकडे बघायला लागली, पुन्हा. मी म्हणाले, हो, चढायचं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण.

त्या रात्री आई मला एका शब्दानेही बोलली नाही. कोमट पाण्याचा टब आणून माझ्या टाचांपुढे ठेवला आणि आत गेली. मी पाणी गार होईपर्यंत पाय बुडवून बसले. मावशी, मला वाटत होतं मी आईसाठी लढतेय. एकदाही तिला विचारलं नव्हतं की तुझी बस कितीची.

काल सुटी मिळाली तशी मी नवी वही घेऊन दारोदार फिरले. या वेळी सह्या मागितल्या नाहीत. एकच विचारलं, तुम्हाला बसने कुठे जायचंय? तुला सांगते, याचं उत्तर द्यायला माणसांना जो वेळ लागला! धिक्कार कशाचा करायचा ते विचारल्यावर एका मिनिटात आठ हात कापड भरलं होतं, आणि आता लोक दारात उभे राहून छताकडे बघत होते. अध्यक्ष दहा मिनिटांनी म्हणाले की त्यांना जुन्या पोस्टासमोरच्या बाकावर बसायचंय, नवा पोस्टमास्तर खिडकी वेळेवर उघडतो की नाही ते बघायला. (यातही विरोध आहे, पण बसने जाऊन होणार आहे म्हणून मी लिहून घेतला.) काकूंना मिक्सर दुरुस्तीला न्यायचाय. शिवणवाल्या मावशी बराच वेळ मशीनवर हात ठेवून बसल्या आणि मग म्हणाल्या, हॉस्पिटलच्या पुढच्या थांब्यावर त्यांची मुलगी राहते, दीड वर्ष बोलणं नाही, "तिचं तोंड बघणार नाही" असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. "पण लिही," त्या म्हणाल्या. "मंगळवार लिही. सोमवारी धीर व्हायचा नाही."

संध्याकाळपर्यंत एकसष्ट माणसं झाली आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे जायचंय. फलकाचं कापड शिवणवाल्या मावशी उसवताहेत. त्याच्या बाजारासाठी पिशव्या होणार आहेत, आतून धिक्कार असलेल्या.

असो. पत्र फार लांबलं. तुझ्या पायाखाली उशी घेऊन झोपत जा. काकांना आणि शेजारच्या मांजराला माझी आठवण सांग. धक्का थोडा उतरला असं आत्ता लिहिता लिहिता वाटलं, पण इतिवृत्ताची वही समोर दिसली आणि पुन्हा चढला.

तुझी भाची,
(चिटणीस हा शब्द खोडला आहे)

ता. क. खरं म्हणजे मी हे पत्र फक्त एक गोष्ट विचारायला लिहायला घेतलं होतं. येत्या रविवारी तू आणि काका आमच्याकडे याल का, आठवडाभर? रोज दोन फेऱ्या तरी. वळणांवर तू माझा दंड धर, दोन्ही धर. नाही म्हणू नकोस. त्या रजिस्टरात नुसतं एकसष्ट पुरेल की नाही हे तिथलं कोणी सांगत नाही, आणि आईचं काम त्या रकान्यावर आहे.

ता. ता. क. अध्यक्ष आत्ताच येऊन गेले. त्यांचं म्हणणं, जे मोजणीच्या आठवड्यात बसमध्ये चढणार नाहीत त्यांच्या निषेधार्थ आपण सोमवारी सकाळी थांब्यावर एक तास उभं राहावं. मी वही उघडून 'सर्वानुमते ठरले की' एवढं लिहिलंसुद्धा. मग पेन टेबलावर ठेवलं आणि त्यांना विचारलं, त्या एका तासात बस येऊन गेली तर? ते विचार करताहेत. अजून दारातच उभे आहेत.

ता. ता. ता. क. पाकीट आई उद्या कामावर जाताना पेटीत टाकणार आहे. तिला अजून काही बोलायची माझी हिंमत नाही. तू आल्यावर तिला सांग की मला कळलंय. माझ्याकडून ऐकलं तर ती नुसतं "जेवून घे" म्हणेल.

ताई,

पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. पोरगी हुशार आहे, पण मी गप्प बसले की तिला वाटतं मी रागावले. रागावले नाही. मला हसू येत होतं, आणि इतक्या लोकांसमोर हसले असते तर पोर मेली असती.

तू आणि भाऊजी जरूर या. बस राहिली पाहिजे. पण एक सांगते, तिला सांगू नकोस, नाहीतर ती वही घेऊन बसेल. त्या सहा दिवसांत सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला खिडकीची जागा मिळाली. मागे तो मोजणीवाला बिचारा झोपलेला असायचा, भोंगाकाकाने हॉर्न सुद्धा दिला नाही. कोणी काही मागत नाही, कोणी काही सांगत नाही. खाली दिवे एकेक करून विझत जायचे ते बघत जायचे मी.

आता ही सगळ्या वस्तीला बसमध्ये घालणार आहे. घालू दे. पण तुम्ही दोघं साडेनऊच्या फेरीला बसा, दुपारच्या बसा, संध्याकाळच्या बसा. पाच चाळीसच्या फेरीला कोणी येऊ नका.